लिनक्स टाकल्यावर लॅपटॉप सुरूच होत नाही? ‘फॉरमॅट मारण्या’आधी काय पाहावं?

इन्स्टॉलेशन पूर्ण झालं, पेनड्राइव्ह काढला, लॅपटॉप रीस्टार्ट केला आणि काळ्या स्क्रीनवर एकच ओळ आली: ‘नो बूटेबल डिव्हाइस फाउंड’. कधी ही ओळही येत नाही, नुसती कर्सरची रेघ लुकलुकत राहते. कधी ‘ग्रब रेस्क्यू’ असं काहीतरी लिहून मशीन तिथेच थांबतं. घरातला तो एकमेव लॅपटॉप असेल, त्यात शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट किंवा दहा वर्षांचे फोटो असतील, तर पुढचा अर्धा तास फार वाईट जातो. मग लॅपटॉप दुकानात नेला जातो आणि तिथे ठरलेलं उत्तर मिळतं, “फॉरमॅट मारावा लागेल.”

बहुतेक वेळा तो मारावा लागत नाही. लिनक्स टाकल्यानंतर बंद पडलेल्या लॅपटॉपमध्ये सहसा फाइल्स जागेवर असतात, नवं लिनक्स जागेवर असतं आणि शेजारी विंडोज ठेवलं असेल तर तेही असतं. बिघडलेली असते ती लॅपटॉपला ‘सुरुवात कुठून करायची’ हे सांगणारी छोटीशी नोंद. काही केबींची ती गोष्ट दुरुस्त करण्यासाठी अख्खी डिस्क पुसणं म्हणजे किल्ली हरवली म्हणून घर पाडण्यासारखं आहे.

हा प्रश्न सध्या जास्त लोकांना पडतोय, त्यामागे कारण आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि प्रोसेसरही ठरावीक पिढीपुढचा लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे चांगले चालणारे कितीतरी जुने लॅपटॉप मध्येच लटकले. लिनक्स मिंट, उबंटू, झोरिन यांसारख्या मोफत सिस्टीम त्यांच्यासाठी सोयीच्या आहेत. पण जुन्या मशीनवर, व्हिडिओ बघत, पहिल्यांदाच इन्स्टॉलेशन करताना एखादी सेटिंग राहून जाते.

पॉवर बटण दाबल्यावर नेमकं काय होतं?

दोष शोधायचा तर हा क्रम माहीत हवा. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागं होतं ते मदरबोर्डवरच्या चिपमधलं फर्मवेअर. सवयीने त्याला अजूनही बायोस म्हणतात. २०१२ नंतरच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये त्याच्या जागी यूईएफआय असतं. हे फर्मवेअर आपल्या स्मरणातली यादी बघतं आणि डिस्कवरच्या एका लहानशा कप्प्यातला बूटलोडर उचलतं. लिनक्समध्ये हा बूटलोडर बहुधा ‘ग्रब’ असतो. ग्रब लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत आणतं. कर्नल डिस्क, ग्राफिक्स वगैरे ओळखतं आणि शेवटी लॉगिनचा पडदा येतो.

फर्मवेअर, बूटलोडर, कर्नल, डेस्कटॉप असे हे चार टप्पे. लॅपटॉप कुठल्या टप्प्यावर अडला हे कळलं की निम्मं काम झालं, कारण प्रत्येक टप्प्याचे उपाय वेगळे आहेत. एकाचा उपाय दुसऱ्यावर करण्यात रात्र जाते. म्हणून काहीही दाबण्याआधी मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून ठेवावा. ‘एरर आला होता, पण काय ते आठवत नाही’ यावर कोणीच मदत करू शकत नाही.

‘नो बूटेबल डिव्हाइस’: फर्मवेअरला दारच सापडत नाही

हा अर्थातच पहिल्या टप्प्यावरचा अडथळा आहे. सर्वांत साधी शक्यता आधी: पेनड्राइव्ह लावला की लिनक्स सुरू होतं आणि काढला की होत नाही, असं घडतंय का? तसं असेल तर इन्स्टॉलरने बूटलोडर चुकून पेनड्राइव्हवरच किंवा दुसऱ्याच डिस्कवर बसवलेला असू शकतो. एसएसडी आणि हार्ड डिस्क अशा दोन डिस्क असलेल्या लॅपटॉपमध्ये हे वरचेवर होतं. सिस्टीम एका डिस्कवर जाते आणि बूटलोडर दुसऱ्या डिस्कवर. ग्रब योग्य डिस्कवर पुन्हा बसवलं की काम होतं. ते कसं, हे पुढे येईल.

पेनड्राइव्हचा संबंध नसेल तर फर्मवेअरचा बूट मेन्यू उघडावा. डेल, लेनोव्हो आणि एसरच्या बऱ्याच लॅपटॉपवर त्यासाठी एफ-१२, एचपीवर एफ-९ आणि असूसवर एस्केप दाबतात. बटण चालू केल्याक्षणापासून ती की टकटक दाबत राहायची. यादीत ‘उबंटू’ किंवा तशी नोंद दिसली आणि ती निवडल्यावर लिनक्स सुरू झालं, तर प्रश्न फक्त क्रमाचा आहे. सेटअपमध्ये जाऊन ती नोंद वर आणली की संपलं. (लिनक्स मिंटची नोंदही बऱ्याचदा ‘उबंटू’ याच नावाने दिसते. चुकीचं काही टाकलं गेलं असं समजू नये.)

नोंदच नसेल, तर सर्वांत जुन्या गोंधळाकडे यावं लागतं. १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर आलेली बायोस पद्धत पुढे डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइट्समधला एक छोटा प्रोग्रॅम चालवायची. प्रत्यक्ष कोडला त्यात ४४६ बाइट्सच जागा. यूईएफआय वेगळं वागतं. ते डिस्कवर फॅट-३२ फॉरमॅटमधला एक वेगळा कप्पा शोधतं, ज्याला ‘ईएफआय सिस्टीम पार्टिशन’ म्हणतात, आणि त्यातली ठरावीक फाइल चालवतं. मधल्या काळातल्या लॅपटॉपमध्ये दोन्ही पद्धती असतात. जुनीला ‘लेगसी’ किंवा ‘सीएसएम’ असं नाव दिलेलं असतं. इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह लेगसी पद्धतीने सुरू झाला तर लिनक्सही त्याच पद्धतीने बसतं. नंतर फर्मवेअर यूईएफआय पद्धतीने शोधायला लागतं आणि त्याला काहीच सापडत नाही. दोघांचे पत्ते वेगळे.

हे ओळखायला सोपी खूण आहे. बूट मेन्यूत एकच पेनड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा आधी ‘यूईएफआय’ लिहून. विंडोज ८ किंवा त्यापुढचं विंडोज आधीपासून असलेल्या लॅपटॉपवर जवळजवळ नेहमी यूईएफआयवाली ओळच निवडायची असते. आपण कुठल्या पद्धतीत आहोत याची शंका असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून फाइल मॅनेजरमध्ये मुळाच्या फोल्डरपासून ‘सिस’ आणि त्यात ‘फर्मवेअर’ असं जावं. तिथे ‘ईएफआय’ नावाचा फोल्डर असेल तर यूईएफआय, नसेल तर लेगसी.

मग येतात कंपन्यांचे लहरी स्वभाव. एसरच्या अनेक मॉडेल्सवर सेटअपमध्ये सुपरव्हायझर पासवर्ड ठेवल्याशिवाय सिक्युअर बूटचे पर्याय उघडतच नाहीत. पासवर्ड ठेवल्यावर ‘सिलेक्ट ॲन यूईएफआय फाइल ॲज ट्रस्टेड’ हा पर्याय जिवंत होतो आणि तिथून लिनक्सच्या बूटलोडरची फाइल हाताने निवडून द्यावी लागते. माहीत नसलेल्याला हे कधीच सुचणार नाही. (तो पासवर्ड कागदावर लिहून ठेवावा. विसरला तर ते वेगळंच दुखणं.) एचपीची काही फर्मवेअर्स लिनक्सची नोंद असूनही दर वेळी विंडोजलाच पुढे करतात. तिथे ‘कस्टमाइज्ड बूट’ नावाचा पर्याय असेल तर त्यात फाइलचा मार्ग लिहिता येतो.

काही जुनी फर्मवेअर्स तर कोणतीच नवी नोंद लक्षात ठेवत नाहीत. त्यांच्यासाठी एक आडमार्ग आहे. यूईएफआयच्या नियमानुसार काहीच नोंद नसेल तर फर्मवेअरने ईएफआय कप्प्यातल्या ‘बूट’ फोल्डरमधली ‘बूटएक्स६४’ ही फाइल चालवून बघायची असते. पेनड्राइव्हवरून बूट होतं ते याच नियमाने. लिनक्सचा बूटलोडर त्या नावाने तिथे ठेवला की हट्टी फर्मवेअरही त्याला उचलतं. डेबियनचा इन्स्टॉलर तज्ज्ञ पद्धतीत याविषयी स्पष्ट प्रश्न विचारतो, कारण ही तक्रार तितकी सर्रास आहे.

सिक्युअर बूट: कुलूप लावलेलं दार

स्क्रीनवर ‘सिक्युअर बूट व्हायोलेशन’, ‘सिक्युरिटी पॉलिसी’ किंवा ‘इनव्हॅलिड सिग्नेचर’ असे शब्द असतील, तर दार सापडलं आहे पण पहारेकरी आत सोडत नाही. विंडोज ८ बरोबर २०१२ मध्ये ही व्यवस्था सर्वदूर आली. फर्मवेअर फक्त ओळखीची डिजिटल सही असलेला बूटलोडर चालवतं आणि त्या ओळखीच्या सह्यांमध्ये मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्याच असतात. म्हणून उबंटू, फेडोरा, डेबियन यांच्यासारख्या सिस्टीम ‘शिम’ नावाचा एक चिमुकला प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टकडून सही करून घेतात. शिम पुढे ग्रबला ओळख देतं. ही साखळी सहसा नीट चालते. आर्च लिनक्ससारख्या काही सिस्टीम मात्र अशी सही घेतलेला बूटलोडर देत नाहीत. तिथे सिक्युअर बूट बंद करावं लागतं किंवा स्वतःच्या किल्ल्या बसवाव्या लागतात.

२०२२ पासूनच्या काही लॅपटॉपमध्ये आणखी एक गाठ आहे. त्यांत विंडोजची सही चालते, पण इतरांच्या बूटलोडरसाठी मायक्रोसॉफ्ट जी वेगळी सही वापरतं ती सुरुवातीला बंद ठेवलेली असते. सेटअपमध्ये ‘थर्ड पार्टी यूईएफआय सीए’ अशा नावाचा पर्याय सुरू केला की लिनक्स चालतं. सिक्युअर बूट पूर्ण बंद करायची गरज नसते.

सगळं नीट असूनही ही साखळी बाहेरून तुटू शकते, याचं ताजं उदाहरण ऑगस्ट २०२४ चं आहे. त्या महिन्यात आलेल्या विंडोजच्या सुरक्षा अपडेटने जुन्या, धोकादायक बूटलोडर्सना अडवणारी यादी लॅपटॉपमध्ये भरली. विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या मशीनवर ती लागू होऊ नये असं मायक्रोसॉफ्टचं ठरलं होतं. पण काही मशीनवर दुसरी सिस्टीम आहे हे ओळखताच आलं नाही. दुसऱ्या दिवशी लोकांनी लिनक्स सुरू केलं तर ‘एसबॅट’ तपासणी फसल्याचा आणि ‘काहीतरी गंभीर चुकलंय’ असं सांगणारा संदेश आला आणि मशीन बंद झालं. ज्यांनी काहीच बदललं नव्हतं त्यांचीही मशीन्स अडली. तात्पुरता उपाय असा होता: सिक्युअर बूट बंद करायचं, लिनक्समध्ये जाऊन ‘मोकयुटिल’ या साधनाने ती एसबॅट यादी पुसायची, रीस्टार्ट करून सिक्युअर बूट पुन्हा सुरू करायचं. मायक्रोसॉफ्टकडून कायमची दुरुस्ती मे २०२५ च्या अपडेटमध्ये आली. त्या काळात फॉरमॅट मारलेल्या लॅपटॉपचं काहीच बिघडलेलं नव्हतं.

निळ्या स्क्रीनवर ‘परफॉर्म एमओके मॅनेजमेंट’ असं आलं तर घाबरू नये. तो एरर नाही. इन्स्टॉलेशनच्या वेळी ‘थर्ड पार्टी ड्रायव्हर’ची खूण केली की इन्स्टॉलर एक पासवर्ड ठेवायला सांगतो, तो इथे वापरायचा असतो. ‘एनरोल एमओके’, मग ‘कंटिन्यू’, मग तो पासवर्ड. ही स्क्रीन सुमारे दहा सेकंदच थांबते आणि बरेच जण ती तशीच जाऊ देतात. मग लिनक्स सुरू होतं पण एनव्हिडियाचा किंवा वायफायचा ड्रायव्हर चालत नाही आणि कारण कळत नाही.

थांबा: बिटलॉकरची किल्ली आहे का?

सिक्युअर बूटला हात लावण्याआधीचा हा मुद्दा या लेखातला सर्वांत महागडा आहे. अलीकडच्या अनेक विंडोज लॅपटॉपची डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते. मालकाला ते माहीतही नसतं, कारण मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की हे पडद्यामागे होऊन जातं. फर्मवेअरमध्ये सिक्युअर बूट किंवा टीपीएमची सेटिंग बदलली की विंडोजला संशय येतो आणि ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर त्या डिस्कवरचे फोटो डोळ्यांसमोर असून नसल्यासारखे. दुकानदारही ती उघडू शकत नाही आणि कंपनीही.

ही की सहसा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्याच्या वेबपेजवर, ‘डिव्हाइसेस’खाली साठवलेली असते. मोबाइलवरून लॉगिन करून ती आधी शोधावी, कागदावर उतरवावी आणि मगच फर्मवेअरमध्ये काहीही बदलावं. लॅपटॉप सेकंडहँड असेल किंवा खातं मोठ्या भावाच्या नावावर असेल तर ज्याच्या नावावर पहिल्यांदा लॉगिन झालं होतं त्याला फोन करावा लागेल.

असाच दुसरा सापळा स्टोरेजच्या सेटिंगचा. इंटेलच्या काही लॅपटॉपमध्ये डिस्क ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’ पद्धतीवर असते आणि लिनक्सच्या इन्स्टॉलरला ती दिसत नाही. उपाय म्हणून सेटिंग ‘एएचसीआय’ करायला सांगतात. ती केली की लिनक्स बसतं, पण विंडोज ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत निळं पडतं. सेटिंग पूर्वीसारखी केली की विंडोज परत येतं, म्हणजे काही गेलेलं नसतं. दोन्ही हवं असेल तर आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचं, मग सेटिंग बदलायची, एकदा सेफ मोडमध्ये जाऊ द्यायचं आणि मग नेहमीसारखं सुरू करायचं. त्या एका फेरीत विंडोज योग्य ड्रायव्हर उचलतं.

‘ग्रब रेस्क्यू’: बूटलोडर आहे, पण वाट चुकला

इथे फर्मवेअरने आपलं काम केलेलं असतं. ग्रबचा पहिला तुकडा सुरू झालेला असतो, पण उरलेल्या फाइल्स ज्या पार्टिशनवर होत्या ते त्याला सापडत नाही. ‘नो सच पार्टिशन’ किंवा ‘अननोन फाइलसिस्टीम’ अशी ओळ वर असते. बहुतेक वेळा मागचं कारण एकच निघतं: विंडोजमधून कोणीतरी ‘ही जागा कशाची?’ म्हणत लिनक्सचं पार्टिशन उडवलेलं असतं किंवा त्याचा आकार बदललेला असतो. पार्टिशन खरंच उडवलं असेल तर लिनक्स गेलं, पण विंडोज शाबूत असतं. बूट मेन्यूतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडला की ते सुरू होतं. पार्टिशन नुसतं सरकलं असेल तर ग्रब पुन्हा बसवून लिनक्सही परत मिळतं.

रेस्क्यूच्या ओळीवर कमांड लिहून वाट दाखवता येते. पण एका चुकलेल्या कंसाने ती चालत नाही आणि पहिल्यांदा करणाऱ्यासाठी पेनड्राइव्हचा मार्ग जास्त सोपा आहे.

उलटी तक्रारही असते. ग्रबचा मेन्यू येतो, लिनक्स चालतं, पण यादीत विंडोज नाही. २०२१ मध्ये आलेल्या ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या सिस्टीम शोधणारं ‘ओएस-प्रोबर’ सुरक्षेच्या कारणाने मुळातच बंद ठेवलं जातं. विंडोज पुसलं गेलेलं नसतं, यादीतून वगळलेलं असतं. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये ओएस-प्रोबर सुरू करून ग्रब अपडेट केलं की ओळ परत येते.

मेन्यूनंतर काळोख

ग्रबचा मेन्यू दिसला, लिनक्स निवडलं आणि मग काळी स्क्रीन, पण पंखा फिरतोय, कॅप्स लॉकचा दिवा लागतोय. असं असेल तर संशय ग्राफिक्सवर घ्यावा, विशेषतः एनव्हिडियाचं कार्ड असेल तर. मेन्यूत लिनक्सच्या ओळीवर उभं राहून ‘ई’ दाबायचं. उघडलेल्या मजकुरात ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधायची. तिच्या शेवटी साधारण ‘क्वायट स्प्लॅश’ असं असतं. त्यापुढे एक जागा सोडून ‘नो’, ‘मोड’, ‘सेट’ हे तीन इंग्रजी शब्द लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, एकच शब्द म्हणून लिहायचे आणि एफ-१० दाबायचं. हा बदल एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे चुकलं तरी नुकसान नाही. डेस्कटॉप दिसला की ड्रायव्हर मॅनेजरमधून योग्य ड्रायव्हर टाकून घ्यावा.

आधी नीट चालणारं लिनक्स अपडेटनंतर अडलं असेल तर याच मेन्यूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुनं कर्नल शिल्लक असतं. त्यावरून सुरू करून बघावं. मेन्यूच येत नसेल तर यूईएफआय मशीनवर सुरुवातीला एस्केप आणि लेगसीवर शिफ्ट दाबून तो आणता येतो.

‘इमर्जन्सी मोड’ असं लिहून पासवर्ड मागितला किंवा दीड मिनिट कुठल्यातरी डिस्कची वाट बघत राहिलं, तर बहुधा ‘एफएसटॅब’ या फाइलमध्ये आता अस्तित्वात नसलेल्या पार्टिशनचा उल्लेख राहिलेला असतो. ती ओळ काढली की पुढे जातं. ‘इनिटरॅमएफएस’च्या ओळीवर थांबून ‘एफएससीके हाताने चालवा’ असं सांगत असेल तर फाइल सिस्टीममध्ये दोष आहे, बऱ्याचदा वीज गेल्यामुळे किंवा बटण दाबून धरून मशीन बंद केल्यामुळे. तपासणी चालवायला हरकत नाही, पण डिस्क खरखर आवाज करत असेल तर आधी फाइल्स बाहेर काढाव्यात.

पेनड्राइव्ह हेच पाना-पक्कड

ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकलं तोच दुरुस्तीला लागतो. तो जपून ठेवावा. इन्स्टॉल झालं म्हणून लगेच त्यात गाणी भरू नयेत. त्यावरून ‘ट्राय’चा पर्याय घेतला की लॅपटॉपच्या डिस्कला हात न लावता चालणारं लिनक्स उघडतं. फाइल मॅनेजरमध्ये डाव्या बाजूला लॅपटॉपची पार्टिशन्स दिसतात. इथे पहिलं काम दुरुस्तीचं नाही. दुसरी हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह लावून महत्त्वाच्या फाइल्स कॉपी करून घ्यायच्या. विंडोजच्या फाइल्स ‘यूजर्स’मध्ये, लिनक्सच्या ‘होम’मध्ये असतात. एवढं झालं की पुढे काहीही चुकलं तरी फार बिघडत नाही आणि हात थरथरायचे थांबतात.

त्यानंतर ‘बूट-रिपेअर’ हे साधन. लिनक्स मिंटच्या पेनड्राइव्हवर ते मेन्यूत आधीच असतं. उबंटूवर इंटरनेट जोडून टाकून घ्यावं लागतं. ‘रेकमेंडेड रिपेअर’ दाबलं की ते ग्रब पुन्हा बसवतं, फर्मवेअरमधली नोंद करतं आणि काय केलं याचा अहवालही देतं. एक अट मात्र पाळावी लागते: पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने सुरू केला, यूईएफआय की लेगसी, तीच पद्धत डिस्कवरच्या सिस्टीमची हवी. नाहीतर दुरुस्ती दुसऱ्याच दाराची होते. फेडोरासारख्या सिस्टीमसाठी हे साधन तितकं सोयीचं नाही. तिथे पेनड्राइव्हवरून डिस्कवरच्या लिनक्समध्ये ‘सीएचरूट’ने शिरून बूटलोडर पुन्हा बसवतात. ते काम जाणकार शेजारी बसलेला असताना करावं.

इन्स्टॉलेशनच अर्ध्यात तुटलं असेल, वीज गेली असेल किंवा डाउनलोड केलेली आयएसओ फाइल खराब असेल, तर दुरुस्तीत वेळ घालवण्यापेक्षा फाइलचा चेकसम तपासून लिनक्स पुन्हा टाकणं सोपं. त्या वेळी फक्त लिनक्सचं पार्टिशन निवडायचं.

खरंच गेलेलं असतं तेव्हा

एका चुकीला मात्र ‘सगळं जागेवर आहे’ हे लागू होत नाही. इन्स्टॉलरमध्ये ‘इरेज डिस्क अँड इन्स्टॉल’ निवडलं असेल तर जुनं विंडोज आणि त्यातल्या फाइल्स खरोखर पुसल्या गेल्या. ते लक्षात आल्याक्षणी लॅपटॉप बंद करावा, कारण त्यानंतर लिहिली जाणारी प्रत्येक गोष्ट उरलंसुरलं खाते. हार्ड डिस्कवरून ‘टेस्टडिस्क’ आणि ‘फोटोरेक’सारख्या मोफत साधनांनी बरंच काही परत येऊ शकतं. एसएसडीवर आशा फार कमी, कारण पुसलेली जागा ‘ट्रिम’मुळे डिस्क स्वतःच रिकामी करून टाकते.

फर्मवेअरलाच इजा झाल्याचे प्रसंगही आहेत, पण थोडे. २०१३ च्या सुरुवातीला सॅमसंगचे काही लॅपटॉप यूईएफआयमधून लिनक्स सुरू करताच कायमचे बंद पडले. आधी लिनक्सच्या ड्रायव्हरला दोष दिला गेला. नंतर मॅथ्यू गॅरेट या कर्नल डेव्हलपरने दाखवलं की फर्मवेअरची साठवण जास्त भरली तर विंडोजमधूनही तेच घडू शकतं. डिसेंबर २०१७ मध्ये उबंटू १७.१० ची डाउनलोड थांबवावी लागली, कारण त्यातल्या एका इंटेल ड्रायव्हरमुळे लेनोव्होच्या आणि इतर काही लॅपटॉपचं बायोस सेटिंग्ज साठवेना आणि काहींवर यूएसबीवरून बूटही होईना. सुधारित आवृत्ती १२ जानेवारी २०१८ ला आली. तेव्हा अगदी नवी आवृत्ती आल्या दिवशीच घरातल्या एकमेव लॅपटॉपवर टाकण्यापेक्षा उबंटूची एलटीएस किंवा मिंटसारखी स्थिर आवृत्ती बरी.

लोगोही येत नाही, बायोसचा सेटअपही उघडत नाही, तर तो प्रश्न सहसा लिनक्सचा नसतो. रॅम, चार्जर किंवा मदरबोर्डकडे बघावं. सेटअप उघडतो पण तारीख दर वेळी मागची दिसते आणि सेटिंग्ज टिकत नाहीत, तर जुन्या लॅपटॉपमधला बायोसचा सेल संपलेला असू शकतो. तो बदलणं स्वस्त आहे. सेटअपमध्ये डिस्कचं नावच दिसत नसेल तर केबल सैल आहे किंवा डिस्क गेली आहे.

अशा वेळी दुकान गाठावंच लागतं. तिथे लॅपटॉप ठेवताना ‘चालू होत नाही’ एवढंच सांगू नये. स्क्रीनचा काढलेला फोटो दाखवावा, लिनक्स कोणतं टाकलं आणि विंडोज शेजारी आहे का ते सांगावं, बिटलॉकरची की असेल तर ती आपल्याजवळच ठेवावी आणि गरज पडली तर समोर बसून टाकावी. पावतीवर ‘डेटा पुसू नये, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ असं लिहून घ्यावं. फाइल्सची कॉपी आधीच घेतली असेल, तर तेही सांगितलेलं बरं. दुकानदाराचंही काम हलकं होतं.